मुलांना जगाची ओळख करून देताना
(वर्षावास व्याख्यानमालेत महाल, नागपूर येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मंडळाने आम्हाला दिलेला विषय कळल्यावर काही ज्येष्ठांनी आम्हाला वाटेतच गाठले. म्हणाले, "अहो, आपल्या पोरांना गणित येत नाही, इंग्रजी येत नाही. त्यांना जपान आणि ब्राझील शिकवून काय करणार?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरी दहावीच्या मुलाला अभ्यासाला स्वतंत्र कोपरा मिळत नाही, त्या घरच्या भिंतीवर जगाचा नकाशा लावा असे सांगणे चैनीचे वाटू शकते. रविवारच्या बालवर्गाला मुले पाठवणाऱ्या मायबापांचीही हीच तक्रार असते, की तिथे शिकवणीसारखे काही होत नाही.

तरीही आमचे मत असे आहे की, इतर कोणत्याही समाजाच्या मुलांपेक्षा आपल्या मुलांना जगाची ओळख अधिक निकडीची आहे. जातीची उतरंड ही जणू निसर्गानेच रचली आहे, ऊन-पावसासारखी ती सगळीकडे असणारच, असा समज ज्या मुलाच्या मनात न कळत बसतो, त्याला दुसरी गावे, दुसरी माणसे दाखवावीच लागतात. आणि आनंदाची गोष्ट अशी की, ही ओळख आपल्या मुलांना करून देणे सोपेही आहे. कारण जग आपल्या घरात, आपल्या विहारात कधीचेच येऊन बसले आहे. आपण ते मुलांना बोट दाखवून सांगितलेले नाही, एवढेच.

ध्वजापासूनच सुरुवात करू. विहारावरचा पंचशील ध्वज आपले लहानात लहान लेकरू ओळखते. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे रंग बोटावर मोजून दाखवते. पण हा ध्वज आला कुठून, असे विचारले की मुले गप्प बसतात आणि त्यांच्या मागे बसलेले मोठेही गप्प बसतात. बहुतेकांना वाटते, तो तथागतांच्या काळापासूनच चालत आला असावा. हा ध्वज १८८५ साली श्रीलंकेत, कोलंबो शहरी तयार झाला. त्या वेळी त्या बेटावर इंग्रजांचे राज्य होते. वैशाख पौर्णिमेची सार्वजनिक सुटी तिथल्या बौद्धांना त्याच वर्षी मिळाली, आणि त्याच पौर्णिमेला हा ध्वज प्रथम फडकला. त्या कामात हेन्री ऑल्कॉट नावाचा एक अमेरिकन गृहस्थ होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्याच्या नोकरीत राहिलेला हा कर्नल श्रीलंकेत येऊन बौद्ध झाला होता. ध्वज फार लांबोळका दिसतो, तो इतर देशांच्या ध्वजांच्या मापाचा करावा, ही सूचना त्याची. दुसऱ्या वर्षी तसा बदल झाला. पुढे १९५० च्या दशकात जागतिक बौद्ध परिषदेने तो साऱ्या जगातील बौद्धांचा ध्वज म्हणून स्वीकारला. आता पाहा, विहाराच्या काठीवरच्या एका कापडात श्रीलंका आली, इंग्रजांचे राज्य आले आणि अमेरिकाही आली. यासाठी कुणाला पुस्तक विकत घ्यावे लागले नाही.

दीक्षाभूमीवर आपण मुलांना खांद्यावर घेऊन जातो. तिथला बोधिवृक्ष श्रीलंकेतील अनुराधपूरच्या बोधिवृक्षापासून वाढवलेला आहे आणि तो भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणला. अनुराधपूरचा वृक्ष सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेहून नेलेल्या फांदीचा. म्हणजे झाड इथून तिकडे गेले आणि सव्वादोन हजार वर्षांनी परत इकडे आले. ही गोष्ट सांगितल्यावर आमच्या वर्गातला एक पोरगा म्हणाला, "म्हणजे ते माहेरी आलं!" श्रीलंकेचा नकाशा त्या दिवशी कुणालाही पाठ करायला सांगावा लागला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्यांनी परमपूज्य बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले, ते महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचे. त्या देशाला आज म्यानमार म्हणतात. त्यापूर्वी बाबासाहेब स्वतः १९५० साली श्रीलंकेला आणि १९५४ साली रंगूनला बौद्ध परिषदांना जाऊन आले होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहू रोडच्या विहारात त्यांनी बसवलेली बुद्धमूर्ती रंगूनचीच. धम्मदीक्षेनंतर महिनाभरात, १९५६ च्या नोव्हेंबरात, ते काठमांडूच्या परिषदेला गेले. पुढे जपानचे भदंत सुरेई ससाई १९६० च्या दशकात भारतात आले आणि त्यांनी नागपूरलाच आपली कर्मभूमी मानले. १९९९ साली कामठीला जपानच्या नोरिको ओगावा यांच्या सहकार्याने ड्रॅगन पॅलेसचे विहार उभे राहिले. आपण तिथे सहलीला जातो, फोटो काढतो, डबा खातो आणि परत येतो. हे विहार बांधायला जपानची एक बाई कामठीपर्यंत का आली असेल, असे एकदा तरी मुलांना विचारावे. उत्तर आपण देऊ नये. त्यांनाच शोधू द्यावे.

एवढ्यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, बौद्ध देश शिकवा, बाकीचे शाळा शिकवील. आम्हाला हे मान्य नाही. जग म्हणजे काही बौद्ध देशांची यादी नव्हे. आणि आपल्या घरात आलेले जग केवळ धम्माच्या वाटेने आलेले नाही. ते पोटाच्या वाटेनेही आले आहे.

ज्या तर्रीवाचून नागपूरकरांचे पोहे घशाखाली उतरत नाहीत, त्या तर्रीतली मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती आणली नव्हती तोवर आपल्याकडे तिखटपणा होता तो मिऱ्यांचा. मिरची हे नाव त्या मिऱ्यांवरूनच पडले. बटाटा आणि टमाटरही तिकडचेच. पण आम्हाला आज जास्त बोलायचे आहे ते कापसाबद्दल.

इथून, महालातून, चालत निघालो तर गांधीसागर जवळच. त्याच्या काठी आज मॉल आहे, तिथे एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांचे आजोबा-पणजोबा त्या गिरणीच्या भोंग्यावर उठले आणि झोपले. गिरणी बंद पडली, यंत्रे गेली, तरी आठवणी आहेत. मुलांना आम्ही विचारले, टाटांनी गिरणी मुंबई सोडून नागपुरात का काढली? एकाने उत्तर दिले, "इथं कापूस होता." बरोबर. पण कापूस तर आधीही होता. मग त्याच सुमारास एवढी गडबड का झाली?

त्याचे एक मोठे कारण अमेरिकेत आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे प्रचंड मळे होते आणि त्यांत राबणारी माणसे आफ्रिकेतून धरून आणलेली, बाजारात विकलेली, पिढ्यानपिढ्या गुलाम असलेली. त्यांनी वेचलेला कापूस इंग्लंडच्या लँकेशायर भागातील गिरण्यांत जाई. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे अडवली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले आणि तो भाव कोसळलाही. पण कापूस वाहून नेणारी रेल्वे तोवर निघालेली होती. ती १८६७ साली नागपूरला पोहोचली. पुढे दहा वर्षांत गिरणी आली आणि गिरणीत आपली माणसे आली.

त्याच १८६५ साली अमेरिकेत कायद्याने गुलामगिरी संपली. आणि १८७३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला, तो त्यांनी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी हबशी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला. जोतीराव अमेरिकेला कधी गेले नव्हते. पुण्यात बसून त्यांना तिकडच्या गुलामांचे दुःख आणि इकडच्या शूद्रातिशूद्रांचे दुःख एका जातीचे दिसले. आता सांगा, हा धडा भूगोलाचा की इतिहासाचा? शाळेत त्याची दोन पुस्तके झाली आहेत, आणि कापूस बिचारा दोन्हींत वेगवेगळ्या पानांवर येतो.

हा धागा पुढेही तुटलेला नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. तिकडच्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे आपली कैफियत मांडल्याचे त्यांनी वाचले होते आणि त्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डू बॉइस यांनी उत्तरही पाठवले. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' काढली, तिचे नाव १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले. हे सारे सांगून झाल्यावर आम्ही वर्गात मुलांना कोरी पोस्टकार्डे दिली आणि म्हटले, त्या काळातल्या अमेरिकेतल्या एखाद्या मुलाला काय विचाराल ते लिहा. सातवीतल्या एकाने लिहिले, "तुमच्याकडे पण विहीर वेगळी होती काय?" होती, बाळा. विहीर नव्हे, पाण्याचे नळ वेगळे होते. गोऱ्यांचा एक, कृष्णवर्णीयांचा एक, आणि वर पाट्या लावलेल्या. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ते बंद झाले. मुलांनी महाडच्या तळ्याचे साल फळ्यावर लिहिले, १९२७, आणि त्याच्या शेजारी १९६४ लिहिले. आपण आधी का त्यांनी आधी, यावर मग बराच वाद झाला. आम्ही त्यात पडलो नाही.

मंडळी, आता एक अप्रिय गोष्ट. शाळांमधून 'देशोदेशीची संस्कृती' नावाचा जो कार्यक्रम होतो, तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आईच्या ओढणीचा किमोनो, पुठ्ठ्याची टोपी, हातात कागदी झेंडा आणि तोंडपाठ केलेल्या चार ओळी. राजधानी अमुक, चलन तमुक, धन्यवाद. टाळ्या. काही वर्षांपूर्वी एका शाळेतल्या अशाच कार्यक्रमात आपल्या वस्तीतली एक मुलगी आम्ही पाहिली. तिला आफ्रिका केले होते. अंगाला कोळसा फासला होता, कमरेला झाडाची पाने बांधली होती आणि हातात भाला दिला होता. तिने नाचायचे आणि ओरडायचे, हीच आफ्रिका. ती मुळात सावळी, म्हणून दरवर्षी आफ्रिका तिच्याच वाट्याला. गोरी मुले फ्रान्स आणि इंग्लंड. यात कुणाचा दुष्ट हेतू असेल असे आम्ही म्हणत नाही. पण त्या एका कार्यक्रमात त्या मुलीने दोन गोष्टी शिकून घेतल्या. एक, आफ्रिकेतील माणसे रानटी असतात. दोन, आपण त्यांच्यासारखे दिसतो. एवढे शिकवण्यापेक्षा काहीच न शिकवलेले बरे.

आफ्रिका हा देशही नव्हे. ते पन्नासहून अधिक देशांचे खंड आहे. तिथे कैरो-नैरोबीसारखी शहरे आहेत, विद्यापीठे आहेत, आणि नेल्सन मंडेलांसारखी माणसे तिथे झाली. मंडेला २७ वर्षे तुरुंगात राहिले आणि १९९४ साली सर्व वर्णांच्या मतदानाने राष्ट्राध्यक्ष झाले. त्या मुलीला आफ्रिकाच व्हायचे असेल तर वकिलाचा काळा कोट घालून मंडेला होऊ द्या. ते वकीलच होते.

मग पोशाख नाही तर काय शिकवायचे? आमचा अनुभव असा की, मुलांना देश नको असतात, माणसे हवी असतात. तिकडची मुले सकाळी काय खातात, आजीला काय म्हणतात, शाळेत मार बसतो का, मेलेल्या माणसाला कुठे नेतात, पाहुणा आला की आधी पाणी देतात का चहा. जपानमध्ये बऱ्याच शाळांतून मुले स्वतःच आपला वर्ग आणि वऱ्हांडा झाडतात, पुसतात, हे सांगितल्यावर आमच्या वर्गात शांतता पसरली. झाडू म्हटले की आपल्या मुलांच्या मनात काय येते, ते इथे उकलून सांगण्याची गरज नाही. जिथे सगळीच मुले झाडू धरतात, तिथे झाडू धरणाराची जात होत नाही. एवढ्या एका माहितीसाठी जपान शिकवणे आम्हाला सार्थ वाटते.

साधनांचे म्हणाल तर पृथ्वीचा एक गोल आणि एक हात सुतळी पुरते. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या अक्षांशावरून मुलांना सुतळी गोलाभोवती फिरवायला सांगा. पूर्वेकडे निघाली की ती व्हिएतनामच्या राजधानीला, हनोईला लागते. पुढे महासागर ओलांडून हवाई बेटांतल्या होनोलुलूजवळून जाते, आणि सगळा फेरा घालून अरबस्तानात आली की मक्का तिच्या अगदी शेजारी असते. महालात आपल्या शेजारी मुसलमान बांधवांची घरे आहेत. त्यांची मुलेही कधी वर्गात डोकावतात. मक्का आणि नागपूर एका सुतळीवर आहेत हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता. तीच सुतळी नागपूरपासून सरळ खाली दक्षिणेला सोडली तर ती जवळजवळ कोलंबोवर जाते. ध्वजाची गोष्ट तिथे पुन्हा सांगता येते.

मग घड्याळ घ्यावे. आपल्याकडे सकाळचे आठ वाजले की बँकॉकला साडेनऊ आणि टोकियोत साडेअकरा. श्रीलंकेत मात्र आपलेच आठ. न्यूयॉर्कमध्ये कालची रात्र अजून संपलेली नसते. आणि साल विचारावे, कारण सालही सगळीकडे एक नाही. थायलंडमध्ये सरकारी कागदांवरही बुद्धसंवत लिहितात. आपल्या चालू इसवी सनात ५४३ मिळवले की तिकडचे साल येते. ही बेरीज मुले आनंदाने करतात. गणित येत नाही अशी ज्यांची तक्रार होती, त्यांनी याची नोंद घ्यावी. आम्ही बँकेत नोकरी करणारे असल्यामुळे चलनाच्या भावाची वजाबाकी-गुणाकारही वर्गात घुसवतो. आमची ती सवय आता सुटायची नाही.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. गेल्या काही वर्षांत एकदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास श्रीलंकेचे एक भिक्खू विहारात आले होते. मुलांनी वंदना घेतली, फुले दिली. प्रश्न विचारा म्हटल्यावर सहावीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "भन्ते, तुमच्या गावात गटार कोण साफ करतो?" दुभाष्या गृहस्थ घुटमळले. पुढच्या रांगेतील ज्येष्ठांनी डोळे वटारले. पाहुण्यांना असे विचारतात काय! भन्तेजी मात्र थोडा वेळ थांबून शांतपणे म्हणाले, "बाळ, आमच्याकडेही जाती आहेत."

सभेनंतर आमच्यावर बरेच ताशेरे झाले. मुलांना वळण नाही, असेही म्हटले गेले. आमच्या मते त्या वर्षात आमच्या वर्गातल्या कुणी विचारलेला तो सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि त्या भन्तेजींनी दिलेले उत्तर हे त्यांनी दिलेले सर्वांत मोठे दान होते. पुढच्या रविवारी आम्ही मुलांना ती हकीकत पूर्ण सांगितली. श्रीलंकेत भिक्खुसंघाची परंपरा खंडित झाली होती, तेव्हा १७५३ साली सयाममधून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, उपाली थेर आले आणि त्यांनी उपसंपदा देऊन संघ पुन्हा उभा केला. त्याला सयाम निकाय म्हणतात. पण थोड्याच वर्षांत त्या निकायाचे दार गोविगम या वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीपुरते उरले. तेव्हा इतर जातींतील लोक समुद्र ओलांडून ब्रह्मदेशातील अमरपुराला गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी परत येऊन त्यांनी अमरपूर निकाय स्थापन केला. मुलांनी नकाशावर हा प्रवास बोटाने केला. एकाने विचारले, "त्यांनी दुसरा धर्म का नाही घेतला?" कारण दार लावणारी माणसे होती, धम्माने दार लावलेले नव्हते. आमच्या बुद्धीप्रमाणे आम्ही हे उत्तर दिले. भन्तेजी इथे उपस्थित आहेत, चुकले असेल तर त्यांनी सांगावे.

जपानमध्येही बुराकू म्हणून ओळखला जाणारा समाज आहे. कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे त्यांच्या माथी मारली गेली आणि त्यांना गावाबाहेर ठेवले गेले. ऐकून नवल वाटेल, पण काही बौद्ध मंदिरांनी त्यांच्या मृतांना दिलेल्या धार्मिक नावांतही त्यांचे हीनपण कोरून ठेवले. १८७१ साली सरकारने ते भेद कायद्याने रद्द केले, तरी लोकव्यवहारात ते राहिले. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योटो येथे त्या लोकांनी 'सुइहेइशा' नावाची आपली समतावादी संघटना स्थापली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी! हे दोन लढे एकमेकांना न ओळखता चालू होते. आम्ही स्वतः हे प्रथम वाचले तेव्हा रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

काही धम्मबांधवांचे म्हणणे असे की, अशा गोष्टींनी मुलांची श्रद्धा डळमळते. त्यांना बौद्ध देशांची फक्त चांगली बाजू सांगावी. आम्ही नम्रपणे असहमत आहोत. आज मूल पंधरा वर्षांचे झाले की त्याच्या हातात मोबाईल येतो. २०१७ साली म्यानमारच्या सैन्याने रोहिंग्या मुसलमानांवर काय केले आणि लाखो लोक बांगलादेशात कसे पळाले, हे ते स्वतःच पाहते. श्रीलंकेत १९८३ पासून २००९ पर्यंत सिंहली आणि तमिळ यांच्यात युद्ध झाले आणि त्यात काही भिक्खूंनीही कठोर भाषा वापरली, हेही त्याला कळते. आपण सांगितले नाही तर कुणीतरी टोमणा मारून सांगेल, "हे तुमचे बौद्ध देश!" आणि आपले मूल एकतर खोटे समर्थन करील, नाहीतर खाली मान घालील. दोन्ही आम्हाला नको आहे. आठ वर्षांच्या लेकराला प्रेतांची चित्रे दाखवावीत असे आम्ही म्हणत नाही. त्याला बोधिवृक्षाची गोष्ट पुरे. पण बारा-तेराव्या वर्षी, ज्याने बाबासाहेबांचे नाव घ्यायचे आहे त्याने, कोणत्याही देशाला, मग तो आपला असो, बौद्ध असो की श्रीमंत असो, त्या सहावीतल्या मुलीचा प्रश्न विचारता आला पाहिजे.

श्रीमंत देशांबद्दलही दोन शब्द. आपल्या वस्तीत 'फॉरेन' नावाचा एकच देश आहे. कुणाचा मुलगा जर्मनीला गेला, कुणाची मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली, तरी विचारणाऱ्याला उत्तर मिळते, "फॉरेनला आहे." शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला बँकेत येणारे वडील फीचा आकडा रुपयांत अचूक सांगतात, पण मुलगा जातो ते गाव कोणत्या देशात, हे सांगताना अडखळतात. त्या वडिलांना हसण्यासारखे यात काही नाही. त्यांना ते कुणी शिकवलेच नाही, आणि तरीही ते पोराला पाठवीत आहेत. शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्र सरकारचीही आहे. दरवर्षी आपली मुले त्या घेऊन जात आहेत. पण अर्ज भरताना विद्यापीठांच्या यादीपुढे बसल्यावर त्यांना ती नावे म्हणजे नुसती अक्षरे वाटतात. ज्याने दहाव्या वर्षी गोलावर बोट ठेवलेले असते, त्याचा हात त्या यादीवर थरथरत नाही.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांचे वय २२ वर्षांचे होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती. तिथे कुणाच्या शेजारी बसावे आणि कुणाच्या बसू नये, याचा हिशेब विद्यार्थ्यांत त्यांच्या जातीवरून होत नव्हता. त्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे विषय घेतले, जॉन ड्यूईंसारख्या गुरूंची व्याख्याने ऐकली, आणि मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर आपला निबंध वाचला. जात ही वस्तू त्यांनी भोगली इथे, पण ती हातात घेऊन, उलटून-पालटून पाहिली ती तिथे. आणि त्याच शहरातल्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांची वस्ती होती. त्यांचे हाल न्यूयॉर्कच्या वैभवापासून काही कोसांवरही नव्हते. अमेरिका म्हणजे स्वर्ग नव्हे, हे मुलांना सांगण्यासाठी दुसरे उदाहरण शोधायला नको.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. आमच्या वर्गातला पृथ्वीचा गोल कुण्या दात्याने फार पूर्वी दिलेला आहे. त्यावर सोव्हिएत संघ अजून अखंड आहे, युगोस्लाव्हिया आहे आणि २०११ साली स्वतंत्र झालेला दक्षिण सुदान नाही. मंडळाकडे नवा गोल मागावा असे आम्ही ठरवले होते. पण मुलांनी जुन्यावर कागदाच्या चिठ्ठ्या डकवून सीमा बदलायला घेतल्या आहेत आणि आता ती म्हणतात, नवा आणा, पण जुना टाकू नका, दोन्ही शेजारी ठेवा. म्हणून अध्यक्ष महोदयांना विनंती की, नव्या गोलाची सोय व्हावी. आणि ज्या घरांतली मुले-मुली परदेशी शिकत किंवा नोकरी करीत आहेत, त्यांनी सुटीत येताना एक वस्तू आमच्या वर्गासाठी आणावी. बक्षीस नको, चॉकलेट तर मुळीच नको. तिकडच्या बसचे वापरलेले तिकीट, शाळेचे वेळापत्रक, वाण्याच्या दुकानातली पावती, जुने वर्तमानपत्र, काहीही चालेल. सोबत तिकडच्या कुण्या मुलाने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी मिळाली तर फारच उत्तम. उत्तर पाठवण्याची जबाबदारी आमची. वस्तू रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात वर्गातच द्याव्यात. मुले पावती लिहून देतील.